युनियन काढायची तर नेमके किती लोक लागतात? नागपूरच्या कामगारांसाठी आकड्यांचा हिशोब

सात लोक जमले की युनियन होते, असं हिंगणा एमआयडीसीपासून बुटीबोरीपर्यंत कुठल्याही चहाच्या टपरीवर कोणी ना कोणी सांगतेच, आणि ते खोटं नाही पण अर्धंच खरं आहे, आणि या अर्ध्या खऱ्यावर विसंबून चांगली चांगली पोरं अडचणीत येतात. सात जण सह्या करून अर्ज टाकतात, नावं उघडी पडतात, मॅनेजमेंटला कळते की यात कोण कोण आहे, आणि तिकडून लेबर ऑफिसचं पत्र येते की तुमचे सभासद कमी भरतात. म्हणजे नोंदणी हातात नाही आणि नाव मात्र सगळ्यांना माहीत. म्हणून आधी आकडा समजून घ्या, मग माणसं जमवा, आणि अर्ज सगळ्यात शेवटी.

आधी कायदा कोणता ते बघू. इतकी वर्षं आपण १९२६ चा ट्रेड युनियन कायदा म्हणत आलो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राचे चार लेबर कोड लागू झाले आणि त्यातला औद्योगिक संबंध संहिता २०२० हा जो आहे, ज्याला सगळे आयआर कोड म्हणतात, त्याने १९२६ चा कायदा, स्टँडिंग ऑर्डर्सचा १९४६ चा कायदा आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा असे तीन कायदे आपल्या पोटात घेतले. यात घाबरण्यासारखं काही नाही, नोंदणीचा किमान आकडा जुन्या कायद्यात जो होता तोच कोडमध्ये आहे. आणि ज्या युनियन आधीपासून नोंदलेल्या आहेत त्यांची नोंदणी चालूच धरली जाते, त्यांनी आपली घटना, म्हणजे युनियनची नियमावली, नवीन कायद्याप्रमाणे करून घ्यायची आणि तसं नोंदणी करणाऱ्या रजिस्ट्रारला लिहून द्यायचं आहे.

आता आकडा. अर्जावर सही करणारे किमान सात सभासद पाहिजेत. ही झाली पहिली अट, जी सगळ्यांना पाठ आहे. दुसरी अट लोक विसरतात. ज्या कारखान्याची किंवा ज्या उद्योगाची युनियन आहे तिथल्या एकूण कामगारांपैकी १० टक्के किंवा १०० कामगार, यातला जो आकडा लहान असेल तितके लोक अर्जाच्या तारखेला युनियनचे सभासद असले पाहिजेत, आणि सातच्या खाली तर कधीच नाही. ही दुसरी अट २००१ च्या दुरुस्तीने आली, ९ जानेवारी २००२ पासून लागू झाली, त्याआधी खरंच सात जणांवर काम भागत होतं आणि आपले जुने नेते लोक अजून त्याच जमान्यातलं सांगतात.

हिशोब करून बघा म्हणजे डोक्यात बसेल. तुमच्या युनिटमध्ये ४० कामगार आहेत, १० टक्के म्हणजे ४, पण सातच्या खाली चालत नाही म्हणून ७. युनिट ६० चं असेल तरी ७ च, कारण ६० चे १० टक्के ६ होतात. ८५ कामगार असतील तर साडेआठ येतात, तिथे ९ धरा, साडेआठ माणूस कुठून आणणार आणि ८ वर अर्ज केला तर कोणी हरकत घेऊ शकते. २५० असतील तर २५. १००० असतील तर १००. आता २५०० चा मोठा प्लांट असेल तर १० टक्के २५० होतात, पण कायदा म्हणते की दोन्हीतला लहान आकडा, म्हणून तिथे पण १०० च. म्हणजे ७० कामगारांपर्यंत ७ जणांत भागते, तिथून १००० पर्यंत १० टक्के, आणि त्याच्या वर कितीही कामगार असो, १००. सगळा हिशोब इतकाच आहे पण तो तुमच्या मस्टरवरून, म्हणजे कंपनीच्या हजेरीपटावरून करायचा, अंदाजाने नाही.

आणि इथेच खरी मेहनत आहे, कारण एकूण कामगार किती हे मॅनेजमेंट काही कागदावर लिहून देणार नाही. मग कसं काढायचं? पीएफच्या वेबसाइटवर एस्टॅब्लिशमेंट सर्च म्हणून आहे, तिथे कंपनीचं नाव टाकलं की दर महिन्याचं चलान किती लोकांचं भरलं तो आकडा दिसते. त्यात स्टाफ पण असते आणि ठेकेदाराचे लोक बहुतेक वेळा ठेकेदाराच्या वेगळ्या कोडवर असतात, म्हणून ठेकेदाराचं नाव टाकून पण बघा. दुसरं म्हणजे कारखान्याच्या लायसन्सवर जास्तीत जास्त किती कामगार ठेवायची परवानगी आहे ते असते, ती माहिती औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे असते आणि माहिती अधिकारात मागता येते. आणि तिसरं साधं सोपं, तीन पाळ्यांमधल्या एकेका भरवशाच्या माणसाने डिपार्टमेंटनिहाय नावं लिहून काढायची, वहीत, मोबाइलच्या ग्रुपवर नको. तिन्ही आकडे जुळवून पाहिले की खरा आकडा कुठे आहे ते समजते आणि मग त्यातला जो सगळ्यात मोठा असेल तोच धरून १० टक्के काढा. मोठा धरला तर नुकसान काहीच नाही, दोन चार सभासद जास्त करावे लागतील, पण लहान धरून अर्ज केला आणि कंपनीने मोठं मस्टर दाखवलं तर सगळी मेहनत पाण्यात.

कोणाला मोजायचं कोणाला नाही यावर पण लोक अडकतात. अप्रेंटिस कायद्याखाली जे ट्रेनी घेतलेले असतात ते कायद्याच्या भाषेत कामगार नाहीत, त्यांच्या भरवशावर आकडा उभा करू नका. आपल्याकडे काही युनिटमध्ये अर्धी लाइन ट्रेनी पोरांवर चालते, त्यांचं मन युनियनमध्ये असते, त्यांचे प्रश्न पण खरे असतात, त्यांना मीटिंगला जरूर बोलवा, पण रजिस्टरात किमान आकडा त्यांना वगळून पूर्ण झाला पाहिजे. ज्यांना काढून टाकलं आहे आणि केस सुरू आहे त्यांचं पण तसंच. सुपरवायझर लोकांबद्दल खूप जण विचारतात. विवाद कोर्टात न्यायचा असेल तर पगाराची आणि कामाची मर्यादा आडवी येते, सुपरवायझरी काम आणि महिना १८,००० च्या वर पगार असेल तर कोडमध्ये तो कामगार धरला जात नाही, पण युनियनचा जो भाग आहे तिथे कामगार म्हणजे उद्योगात काम करणारा कोणीही असा मोठा अर्थ घेतला आहे. तरीसुद्धा माझं मत असं की पहिले २५-३० सभासद हे मशीनवरचे, लाइनवरचे, लोडिंगचे असू द्या, म्हणजे कोणाला बोट ठेवायला जागा उरत नाही.

रजेवर असलेली बाई, बाळंतपणाला गेलेली बाई, नाइट शिफ्टवाला, हे सगळे मस्टरवर आहेत म्हणजे मोजायचे आणि सभासद पण करायचे. बाया मोजताना सुटतात हे मी खूप ठिकाणी पाहिलं, पॅकिंगच्या डिपार्टमेंटमध्ये अर्ध्या बाया असतात आणि यादी करणारे सगळे फिटर आणि ऑपरेटर, त्यांना पॅकिंगच्या कोणाचं पूर्ण नाव माहीत नसते. एका ताईला कार्यकारिणीत आधीच घ्या, मग यादी पण पूर्ण होते आणि सभासद पण भराभर होतात.

आता लहान युनिटवाल्यांचं. हिंगण्यात, कळमेश्वरला, भंडारा रोडवर अशी कितीतरी वर्कशॉप आहेत जिथे पाच सहा पोरं काम करतात, तिथे सातचा आकडाच पूर्ण होत नाही. त्यांनी काय करायचं? कायद्यात कारखाना किंवा उद्योग असे दोन्ही शब्द आहेत, म्हणजे युनियन एका कंपनीचीच असली पाहिजे असं नाही, ती एका भागातल्या एका उद्योगाची असू शकते. नागपूर जिल्ह्यातले इंजिनीअरिंग कामगार, किंवा घरकाम करणाऱ्या बाया, किंवा बांधकाम मजूर, असं क्षेत्र घटनेत लिहायचं. उद्योग मोठा असला की १० टक्के मोजायच्या भानगडीत पडायचंच नाही, सरळ १०० सभासद करायचे, कारण लहान आकडा तोच येतो. शंभर ऐकून लोक दचकतात, पण वीस वर्कशॉपमधून प्रत्येकी पाच म्हणजे शंभर झाले. ठेकेदाराच्या माणसांना पण हाच रस्ता बरा पडते, कोराडी किंवा खापरखेड्यासारख्या वीज केंद्रांच्या ठिकाणी ठेकेदार बदलला की मालकच बदलते, आज या नावाने काम, उद्या त्या नावाने, तिथे एका ठेकेदाराच्या नावाची युनियन काढली तर ठेका संपला की युनियन पण संपली. उद्योगाची काढली तर ठेकेदार कोणीही येवो, सभासद तोच राहते.

घरकाम, हमाली, कचरा वेचणे, अशा असंघटित कामातल्या लोकांना आणि स्वतःचा धंदा करणाऱ्यांना पण युनियनच्या भागात कामगार धरलं आहे. म्हणजे आम्हाला मालकच नाही तर युनियन कशी, हा प्रश्न अडत नाही.

डब्ल्यूसीएलच्या कोळसा खाणी, मॉइलच्या मँगनीज खाणी, रेल्वे, आयुध निर्माणी इथले लोक विचारतात की आम्ही केंद्राचे, मग आमची नोंदणी दिल्लीला का? तुमचे विवाद केंद्राच्या लेबर मशिनरीकडे जातात हे खरं, पण युनियनची नोंदणी करणारा रजिस्ट्रार राज्य सरकारने नेमलेला असते. नागपुरात हे काम कामगार आयुक्तांच्या ऑफिसातून होते, सिव्हिल लाइन्सला. तिथे जाऊन सध्या अर्ज ऑनलाइन भरायचा की कागदावर, कोणता फॉर्म, किती प्रती, फी किती, हे आधी विचारून या आणि चेकलिस्ट लिहून आणा. एकच माणूस जा, सातही जण एकदम जायची गरज नाही.

सभासद करताना

सभासद झाला हे तोंडी चालत नाही. प्रत्येकाचा एक फॉर्म पाहिजे, त्यात पूर्ण नाव, वय, पत्ता, डिपार्टमेंट, टोकन नंबर किंवा तिकीट नंबर, सभासद झाल्याची तारीख आणि सही किंवा अंगठा. सोबत वर्गणीची पावती, पावती पुस्तकाला अनुक्रम नंबर असलेलीच पाहिजे, आणि हे सगळं मग सभासद रजिस्टरला चढवायचं. फॉर्म, पावती आणि रजिस्टर या तिन्हींवर तारीख एकच असली पाहिजे. पुढे मान्यतेचा, म्हणजे मालकाने कोणत्या युनियनशी बोलायचं याचा, वाद झाला तर याच कागदांची तपासणी होते आणि एकाच पेनाने एकाच दिवशी लिहिलेलं रजिस्टर कोणाच्याही लगेच लक्षात येते. जुन्या कायद्यात वर्षाची किमान वर्गणी ग्रामीण कामगाराला १ रुपया, इतर असंघटित कामगारांना ३ रुपये आणि बाकीच्यांना १२ रुपये अशी होती. यापेक्षा कमी घेऊ नका, पण इतक्यात काही चालत पण नाही, कोर्टाची एक तारीख करायला पण पैसा लागते, त्यामुळे महिन्याला वीस तीस रुपये ठेवा आणि ते खरंच गोळा करा. महिन्याला वर्गणी देणारा सभासद हा खरा सभासद, एकदा फॉर्म भरून गायब झालेला माणूस अडचणीच्या दिवशी दिसत नाही.

माझा सगळ्यात मोठा आग्रह जर कशावर असेल तर तो जागा ठेवण्यावर आहे, म्हणजे किमान आकड्यावर कधीच थांबू नका. २५ लागतात ना, ४० करा. कारण असं आहे. अर्ज गेल्यावर प्रमाणपत्र येईपर्यंत मध्ये वेळ जाते आणि त्याच काळात दबाव सुरू होते, कोणाला बदली, कोणाला प्रमोशन, कोणाच्या घरी फोन. लोक मागे हटतात आणि त्यांना दोष देता येत नाही, घरी लेकरं असतात, घराचा हप्ता असते. कायद्याने याचा विचार केला आहे, अर्जावर सह्या करणाऱ्यांपैकी अर्ध्यापर्यंत लोक मधल्या काळात सभासद राहिले नाहीत तरी तेवढ्यावरून अर्ज रद्द होत नाही. आता फक्त सातच जणांनी सही केली असेल तर तिघे गेलेले चालतात, चौथा गेला की अर्ध्याच्या वर झालं आणि अर्ज धोक्यात. तेच पंधरा जणांनी सही केली असेल तर सात जण गेले तरी अर्ज उभा आहे. म्हणून सह्या सात नको, पंधरा घ्या, आणि एकाच डिपार्टमेंटच्या नको, वेगवेगळ्या पाळ्यांच्या घ्या.

मीटिंग, घटना, अर्ज

आकडा हातात आला की सर्वसाधारण सभा घ्यायची. कंपनीच्या आत नाही, गेटसमोर पण नाही, एखादं समाजभवन, बुद्ध विहार, कोणाच्या घरची गच्ची चालते. मे महिन्यात घेत असाल तर संध्याकाळी सातनंतर ठेवा, दुपारच्या उन्हात कोणी येत नाही, आणि जनरल शिफ्ट सुटायची वेळ सोडून जरा उशिरा ठेवली तर सेकंड शिफ्टचे सुट्टीवरचे पण येतात. सभेत ठराव करायचे, एक युनियन स्थापन करण्याचा आणि नावाचा, दुसरा घटना मंजूर करण्याचा, तिसरा पदाधिकारी निवडण्याचा, चौथा अमुक लोकांना नोंदणीचा अर्ज करायचा अधिकार देण्याचा. मिनिट बुकात लिहा, हजर असलेल्यांच्या सह्या घ्या. आयआर कोडमध्ये अर्जासोबत प्रतिज्ञापत्र, घटनेची प्रत, घटना मंजूर केल्याचा ठराव आणि अर्जाचा अधिकार दिल्याचा ठराव मागितला आहे, म्हणून या ठरावांची भाषा गोलमोल नको.

घटना दुसऱ्या युनियनची कॉपी करून नाव बदलतात, ते चालते पण वाचून बदला. त्यात युनियनचं नाव, उद्देश, फंड कशावर खर्च करायचा, सभासदांची यादी कशी ठेवायची आणि सभासदाला ती बघायला कशी मिळेल, वर्गणी, निवडणूक कशी आणि किती वर्षांनी, हिशोबाचं ऑडिट, घटना बदलायची पद्धत आणि युनियन विसर्जित करायची पद्धत हे सगळं असलंच पाहिजे. एखादी गोष्ट सुटली तर रजिस्ट्रार दुरुस्ती मागते आणि महिने जातात. नाव पण आधीच्या एखाद्या युनियनसारखं नको, आपल्या इथे नागपूर, विदर्भ, कामगार, मजदूर हे शब्द इतक्या नावांत आहेत की दोन तीन पर्यायी नावं सोबत ठेवलेली बरी.

पदाधिकाऱ्यांबद्दल एकच नियम लक्षात ठेवा, बाहेरचे किती. कारखान्याच्या युनियनमध्ये एकूण पदाधिकाऱ्यांच्या एक तृतीयांश किंवा पाच, यातला लहान आकडा, इतकेच बाहेरचे असू शकतात, बाकी सगळे तिथेच काम करणारे पाहिजेत. नऊ पदाधिकारी असतील तर तीन बाहेरचे. असंघटित क्षेत्रात निम्म्यापर्यंत बाहेरचे चालतात. पदाधिकारी १८ वर्षं पूर्ण झालेला पाहिजे. मोठ्या नेत्याला अध्यक्ष करायचं तर करा, त्याचा अनुभव कामात येते, पण सरचिटणीस आणि खजिनदार आपलेच असू द्या, सह्या आणि पैसा बाहेर गेला की युनियन बाहेर गेली.

अर्ज दिला की प्रत्येक कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजून चाला. त्रुटीचं पत्र आलं तर उत्तर लेखी आणि त्याची पण पोच. नोंदणी नाकारली तर अपील करता येते, मुदत निघून जायच्या आत वकिलाकडे जा.

या काळात कोणाला युनियनमध्ये आहे म्हणून काढलं, सस्पेंड केलं, धमकावलं, तर ती अनुचित कामगार प्रथा आहे, कोडमध्ये पण आणि महाराष्ट्राच्या १९७१ च्या युनियन मान्यता आणि अनुचित प्रथांच्या कायद्यात पण. तारीख, वेळ, कोण काय बोललं, कोण हजर होतं हे त्याच रात्री लिहून ठेवा. राजीनाम्याच्या कोऱ्या कागदावर सही मागितली तर करायची नाही, हे प्रत्येक सभासदाला पहिल्याच मीटिंगमध्ये सांगा.

नोंदणी झाली म्हणजे मान्यता मिळाली असं नाही

हे वेगळं सांगावं लागते कारण प्रमाणपत्र फ्रेम करून लावलं की लोकांना वाटते आता मॅनेजमेंट चर्चेला बसेल. नोंदणीने युनियनला कायदेशीर अस्तित्व मिळते, तिच्या नावाने खातं काढता येते, केस करता येते, आणि कायदेशीर युनियन कामासाठी पदाधिकाऱ्यांवर कट केला म्हणून किंवा नुकसानभरपाईचा दावा लावता येत नाही. हे संरक्षण फुकट मिळालेलं नाही. १९१८ मध्ये मद्रास लेबर युनियन उभी राहिली आणि तिथल्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक मिलच्या झगड्यात मिलवाले युनियनच्या पुढाऱ्यांविरुद्ध हायकोर्टात गेले, कोर्टाने पुढाऱ्यांना मनाई केली, तेव्हा लक्षात आलं की कायदा नसेल तर युनियन काढणं हाच गुन्हा ठरवता येते. त्यानंतर ना. म. जोशींनी १९२१ मध्ये कायदेमंडळात ठराव आणला आणि १९२६ चा कायदा झाला.

पण मान्यता, म्हणजे मालकाने तुमच्याशीच बोललं पाहिजे हा हक्क, त्याचे आकडे खूप वरचे आहेत. महाराष्ट्रात १९७१ चा मान्यतेचा कायदा आहे, ५० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागतो, त्यात अर्जाच्या आधीच्या पूर्ण सहा महिन्यांत सलग ३० टक्के सभासद पाहिजेत आणि अर्ज औद्योगिक न्यायालयात करावा लागते, ते न्यायालय नागपुरात आहे. त्या कायद्याखाली जायचं असेल तर वर्गणी महिन्याला ५० पैशांपेक्षा कमी नको, कार्यकारिणीची बैठक तीन महिन्यांत एकदा तरी झाली पाहिजे आणि ठराव मिनिट बुकात पाहिजेत, म्हणून ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. आयआर कोडमध्ये वेगळं आहे, एकापेक्षा जास्त युनियन असतील तर मस्टरवरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकटी वाटाघाटी करणार, तसं कोणाकडेच नसेल तर २० टक्के किंवा जास्त पाठिंबा असलेल्या युनियनची मिळून कौन्सिल होणार. राज्याचा १९७१ चा कायदा कोडने रद्द केलेल्या तीन कायद्यांत नाही, त्यामुळे तुमच्या कंपनीत कोणत्या रस्त्याने जायचं ते अर्ज करायच्या आधी कामगार वकिलाशी बसून ठरवा.

बुटीबोरीच्या एका २०० कामगारांच्या युनिटचं उदाहरण घ्या. नोंदणीला २० लागतात. १९७१ च्या कायद्याने मान्यतेला ६०, ते पण सहा महिने सलग. कोडमध्ये एकमेव वाटाघाटी युनियन व्हायला १०२. कौन्सिलमध्ये एक जागा मिळवायला ४०. हे चारही आकडे पहिल्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा म्हणजे २० झाले की काम संपलं असं कोणाला वाटणार नाही.

मालकाने युनियन मानलीच पाहिजे हा मुद्दा जुना आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये मजूर खात्याचे सदस्य होते तेव्हा १९४३ मध्ये त्यांनी मान्यता सक्तीची करणारं बिल आणलं होतं. १९४७ मध्ये तशी दुरुस्ती मंजूर पण झाली आणि ती कधी अंमलातच आली नाही. त्यामुळे आज ३० टक्के, ५१ टक्के जमवायची मेहनत आपल्यालाच करावी लागते.

आणि एकाच कंपनीत तीन तीन युनियन काढायच्या आधी दहा वेळा विचार करा, हे मी मनापासून सांगतो. १९२९ मध्ये याच नागपुरात आयटकचं, म्हणजे ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसचं अधिवेशन भरलं, जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, इंग्रज सरकारने कामगारांच्या प्रश्नांवर नेमलेल्या रॉयल कमिशनवर बहिष्कार टाकायचा की नाही आणि बाहेरच्या कोणत्या संघटनेशी जोडून घ्यायचं यावर वाद झाला आणि ना. म. जोशी, व्ही. व्ही. गिरी बाहेर पडले, देशपातळीवरची पहिली कामगार संघटना आपल्या गावात फुटली. त्यांचे मतभेद तरी देशाच्या प्रश्नावरचे होते. आपल्या इथे अध्यक्ष कोण यावर २०० कामगारांत ७०, ७० आणि ६० असे तीन तुकडे होतात आणि तिघांकडे नोंदणी असते, १०२ कोणाकडेच नाही. मालकाला यापेक्षा सोपं काही नाही.

आकडा टिकवायचा पण असते

किमान आकडा फक्त अर्जाच्या दिवशी लागते असं नाही, नोंदणी झाल्यावर पण कायम लागते. आणि इथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते, ती म्हणजे कंपनी वाढली की तुमचा आकडा पण वाढते. ८० कामगार होते तेव्हा ८ सभासदांवर नोंदणी झाली, दोन वर्षांत नवीन शेड पडलं आणि ३०० कामगार झाले, तर आता ३० पाहिजेत. १०० च्या वर मात्र कधीच जात नाही, म्हणून मोठ्या प्लांटमध्ये १०० च्या वर चांगले जाऊन बसा की ही चिंताच मिटते. नवीन भरती झाली की पहिल्याच महिन्यात त्यांच्याशी बोलायला माणूस नेमा, परमनंट झाल्यावर बघू असं म्हणू नका.

आकडा खाली गेला तर नोंदणी रद्द होऊ शकते, पण आधी जवळपास दोन महिन्यांची लेखी नोटीस येते, त्या वेळात सभासद वाढवून कागद दाखवता येतात. नोटीस येते ती युनियनच्या नोंदलेल्या पत्त्यावर. बऱ्याच युनियनचा पत्ता जुन्या सरचिटणीसाच्या भाड्याच्या खोलीचा असते, तो खोली सोडून जाते, पत्र परत जाते आणि इकडे कोणाला पत्ताच नाही की नोंदणी रद्द होऊन राहिली. पत्ता बदलला, पदाधिकारी बदलले, घटना बदलली, तर लगेच रजिस्ट्रारला कळवा आणि पोच ठेवा.

वर्षाचं रिटर्न भरायचं, जमाखर्च ऑडिट करून, सभासद संख्या आणि पदाधिकाऱ्यांची यादी लावून. जुन्या कायद्यात हिशोबाचं वर्ष ३१ डिसेंबरला संपायचं, तीच शिस्त ठेवली तर जानेवारीत एका रविवारी बसून रजिस्टर तपासून होते, जे सोडून गेले, रिटायर झाले, वारले, त्यांच्या नावापुढे तारखेसकट नोंद करायची, नावं खोडायची नाहीत, आणि उरलेल्यांची बेरीज त्या महिन्याच्या मस्टरच्या १० टक्क्यांशी लावून बघायची. कमी भरत असेल तर रिटर्न भरायच्या आधी सभासद करा, आणि खजिनदाराला पावती पुस्तक घेऊन फर्स्ट शिफ्ट सुटायच्या वेळेला बसस्टॉपवर उभं करा.